कूलरच्या पायाला बांधलेला प्रकाश

नागपुरात मे महिन्यात घरातील सत्ता कूलरकडे असते, हे बाहेरगावच्या माणसाला लवकर पटत नाही. पलंग कोणत्या भिंतीला लावायचा, पाहुण्यांना कोठे निजवायचे आणि वर्तमानपत्र वाचायला कोणी कोठे बसायचे, हे सारे वाऱ्याच्या झोतावरून ठरते, आणि घरातील माणसाचा मान किती हे पाहायचे असेल तर त्याची खुर्ची झोताच्या किती समोर आहे तेवढे पाहावे. आमच्या घरी हा कूलर हॉलच्या खिडकीत बसतो. फायबरचे, म्हणजे काचेच्या बारीक तारेतून प्रकाशाच्या रूपाने माहिती आणणारे, इंटरनेट घेतले तेव्हा जोडणी करायला आलेल्या मुलाला भिंतीला भोक पाडण्याचा कंटाळा आला, म्हणून त्याने खांबावरून आणलेली तार त्याच खिडकीच्या फटीतून आत घेतली. हिवाळाभर त्यात कोणालाच काही वावगे दिसले नाही.

नवतप्यातील एका दुपारी राउटरवरचा हिरवा दिवा विझला आणि शेजारचा लाल दिवा लुकलुकू लागला. घरातील प्रत्येकाने आपापल्या श्रद्धेनुसार त्याचा अर्थ लावला. आईच्या मते उन्हाने डबा तापला होता आणि त्याला ओल्या फडक्याने पुसणे आवश्यक होते. ते फडके तिच्या हातून काढून घेताना माझी बरीच शक्ती खर्च झाली. मुलीच्या मते आमचा प्लॅनच भिकार होता. सौभाग्यवतींनी फक्त ‘बिल भरलं होतं ना?’ एवढेच विचारले, परंतु त्या प्रश्नाला आमच्या बावीस वर्षांच्या संसाराची पार्श्वभूमी होती. बिल भरलेले होते. शेजारचे काका फाटकाशीच उभे राहून म्हणाले, ‘सिमेंट रोडचं खोदकाम चालू आहे, फायबर कटली असन.’ आमच्या शहरात हे निदान इतक्या वेळा खरे ठरते की ते करणाऱ्याला राउटर पाहण्याचीही गरज पडत नाही.

तक्रार नोंदवण्याच्या क्रमांकावर एका मधुर आवाजाने राउटर बंद करून तीस सेकंदांनी पुन्हा सुरू करण्याची आज्ञा केली. या सल्ल्याची लोक थट्टा करतात, पण तो अगदीच निराधार नाही. राउटर हा एक लहानसा संगणकच असतो; फार दिवस अखंड चालल्यावर त्याच्या स्मृतीत नको त्या नोंदी साचतात, आणि वीज तोडून थोडे थांबले की आतील कपॅसिटरमध्ये उरलेली वीजही संपून तो कोऱ्या पाटीने उठतो. मात्र लाल दिव्याचा अर्थ ‘बाहेरून प्रकाशच येत नाही’ असा असतो, आणि जो प्रकाश दारापर्यंत पोहोचलाच नाही त्याला डब्याचे डोके रिकामे करून आत बोलावता येत नाही. हे मी त्या आवाजाला सांगितले. त्याने मला एक दाबायला सांगून संगीत लावले.

संगीत ऐकत बसलेल्या माणसाला विचार करायला पुष्कळ वेळ मिळतो. ज्या दूरच्या संगणकाशी माझा संबंध तुटला होता, तो कदाचित युरोपात असेल. तेथून निघालेली माहिती समुद्राच्या तळाशी अंथरलेल्या तारांतून मुंबईच्या किनाऱ्याला लागते. २००८च्या जानेवारीत इजिप्तमधील अलेक्झांड्रियाजवळ अशा तारा तुटल्या, तेव्हा भारतातील इंटरनेटलाही धाप लागली होती. ही माहिती अखंड प्रवाहाने येत नाही, तिची लहान लहान पॅकेटे केलेली असतात. एकाच लग्नाचे वऱ्हाड निरनिराळ्या गाड्यांनी, निरनिराळ्या रस्त्यांनी निघावे, कोणी आधी आणि कोणी मागाहून पोहोचावे, मग कार्यालयाच्या दारात यादी हातात घेऊन उभ्या असलेल्या गृहस्थाने सर्वांना नात्याच्या क्रमाने बसवावे आणि जे हरवले असतील त्यांना पुन्हा बोलावणे धाडावे, तसा हा कारभार चालतो. एवढे असूनही वेग असा की काचेच्या तारेत प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. मुंबई ते नागपूर हे सुमारे ८०० किलोमीटरचे अंतर कापायला विदर्भ एक्स्प्रेसला सबंध रात्र लागते. प्रकाश तेच अंतर सेकंदाच्या हजार भागांपैकी चार भागांत उरकतो. भूमध्य समुद्र, अरबी समुद्र आणि सबंध महाराष्ट्र ओलांडून आलेली पॅकेटे माझ्या अंगणातील खांबापासून माझ्या खिडकीपर्यंतच्या पंधरा पावलांत कशी हरवतात, हे कोडे मात्र संगीत संपले तरी सुटले नाही.

तंत्रज्ञ दुसऱ्या दिवशी भर उन्हात, तोंडाला दुपट्टा गुंडाळून आला. ‘काका, लाल लाईट येऊन राह्यला ना?’ असे विचारून उत्तराची वाट न पाहता तो खांबावर चढला. त्याच्याजवळ प्रकाश मोजण्याचे एक छोटे यंत्र होते. खांबावरच्या पेटीत त्याने उणे एकोणीस मोजले आणि घरात उणे एकतीस. मला बारा हा आकडा विशेष वाटला नाही, म्हणून त्याने समजावले की या मापात दर तीन अंकांना प्रकाश निम्मा होतो. मी बोटांवर हिशेब केला. सोळा हिश्श्यांपैकी पंधरा हिस्से प्रकाश माझ्या अंगणात सांडत होता आणि आम्ही त्यावरून ये-जा करीत होतो. हा प्रकाश डोळ्यांना न दिसणारा असतो, त्यामुळे सौभाग्यवतींना झाडू घेऊन धावावे लागले नाही.

मग तो तारेवरून हात फिरवीत खिडकीपर्यंत आला, खाली वाकला आणि स्वतःशीच म्हणाला, ‘कोन बांधली बाप्पा ही?’

कूलरच्या लोखंडी स्टँडच्या पायाला आमच्या फायबरचे घट्ट वेढे दिलेले होते आणि वरून बारीक तारेने ते इतके करकचून आवळले होते की एखाद्या द्वाड गुरालाही ते दावे तोडता आले नसते. ज्या काचेच्या धाग्यातून प्रकाश धावतो, त्याचा गाभा सुमारे नऊ मायक्रॉनचा, म्हणजे केसापेक्षाही कितीतरी बारीक असतो. प्रकाश त्याच्या कडांवरून आतल्या आत परावर्तित होत पुढे सरकतो. धागा हळुवार वळला तर तोही वळतो, पण फार तीव्र वाकवला तर त्याच्या कडेवर पडण्याचा कोन बदलतो आणि तो सरळ भिंत फोडून बाहेर पडतो. आम्ही कूलरवाल्याला फोन लावला. वाळ्याच्या ताट्या बदलायला आणि टुल्लू पंप पाहायला तो मागच्याच आठवड्यात येऊन गेला होता. ‘काका, ती वायर लोंबकळून राह्यली होती,’ तो अभिमानाने म्हणाला, ‘म्हणून नीट बांधून देल्ली. त्याचे पैसे बी नाही लावले.’ या माणसाला रागावणे मला जमले नाही. आमच्या घरात कामाला आलेल्यांपैकी न सांगता एखादी गोष्ट नीट करून जाणारा तो पहिलाच होता.

वेढे सोडताच दिवा हिरवा झाला. परंतु मागच्या खोलीत, जेथे मुलीचा अभ्यास आणि माझे कार्यालयीन काम चालते, तेथे वायफाय पूर्वीसारखाच मरगळलेला होता. तंत्रज्ञाने हॉलमध्ये उभे राहून पाहिले आणि पुन्हा कूलरकडेच बोट दाखवले. राउटर खिडकीच्या कट्ट्यावर, त्याच्यासमोर कूलरचे पत्र्याचे धूड, आणि त्या धुडाच्या पोटात टाकीभर पाणी. पत्रा रेडिओलहरी परतवून लावतो. पाणी त्या गिळते. वायफायचा २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा मायक्रोवेव्ह ओव्हनच्या लहरींच्या अगदी शेजारचा आहे, आणि त्या ओव्हनमध्ये पाणी असलेले पदार्थ कसे तापतात हे आम्ही रोज पाहतो. पाच गिगाहर्ट्झचा दुसरा पट्टा अधिक वेगवान असला तरी भिंती ओलांडताना त्याचा जीव लवकर जातो, आणि आमच्या घराच्या भिंती आजोबांनी दीड विटेच्या बांधल्या आहेत.

‘कूलर दुसऱ्या खिडकीत लावू,’ असे मुलीने सुचवले. आईने हातातली जपमाळ थांबवून तिच्याकडे पाहिले. हा ठराव तेथेच बारगळला.

राउटर हलवावा, तर फायबर पुरत नव्हती आणि जोडण्याचा खर्च वेगळा होता. मुलीने एकमेकांशी बोलणाऱ्या दोन राउटरांची किंमत फोनवर शोधून दाखवली. ती पाहून मी फोन आदराने परत केला. शेवटी तंत्रज्ञाने पिशवीतून निळी लॅन तार काढली, हॉलच्या कडेकडेने, देवघराच्या मागून आणि स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावरून ती मागच्या खोलीत नेली आणि संगणकात खोचली. प्लॅन शंभर मेगाबिटचा होता, आणि मापन चौऱ्याण्णव दाखवीत होते. फाइल मात्र सेकंदाला बारा मेगाबाइटच्या आतच उतरते हे पाहून मुलगी पुन्हा फसवणुकीचा आरोप करू लागली, तेव्हा आठ बिटांचा एक बाइट होतो हे तिला सांगून मी घरात एकदाचा माझा अधिकार गाजवला.

तंत्रज्ञाने पन्हे घेतले, हत्यारे पिशवीत भरली आणि दारात थांबून थोड्या संकोचाने विचारले, ‘काका, त्या कूलरवाल्याचा नंबर भेटन का? घरचा पंप दोन दिवसापासून बंद पडून राह्यला.’