हप्ता कोण भरणार, एवढाच प्रश्न होता

आयपीएलचा हंगाम आला की पुण्यात विषय निघतोच: आपल्याला संघ कधी? सहाराचे वॉरियर्स 2011 ते 2013 खेळून गेले. मग चेन्नई-राजस्थानवर बंदी होती तेवढी दोन वर्षं सुपरजायंट होते. 2017ची फायनल ते एका धावेने हरले आणि मुदत संपली म्हणून गेले. कर्णधार कोण हवा होता यावर आजही वाद रंगतात. पण गहुंज्याच्या स्टेडियमला नावाच्या हक्कांचे पैसे पुरते मिळाले नाहीत आणि 2018मध्ये थकलेल्या कर्जापायी बँकांनी त्याचा प्रतीकात्मक ताबा घेतला, हे त्या वादात फारसं येत नाही.

इथे अमेरिकेच्या ईशान्येला, न्यू इंग्लंडमध्ये, पटकेटचं नाव काढलं की लोक नेमकं पैशाच्या याच मुद्द्यावर येतात. पटकेट म्हणजे ऱ्होड आयलंडमधलं जुनं गिरणगाव. पाण्यावर सूत कातणारी अमेरिकेतली पहिली यशस्वी गिरणी 1793मध्ये इथेच उभी राहिली. बेसबॉलमधल्या बॉस्टन रेड सॉक्सचा ‘ट्रिपल ए’ संघ, म्हणजे मुख्य संघाच्या लगेच खालची पायरी, 1973पासून इथे होता. लाडाचं नाव पॉसॉक्स.

मायनर लीगचा, म्हणजे अशा खालच्या पायऱ्यांवरच्या संघांचा, हिशेब आधी समजून घ्यायला हवा. खेळाडू आणि प्रशिक्षकांचा पगार वरचा संघ देतो, कोणाला कधी वर बोलवायचं तेही तोच ठरवतो. स्थानिक मालकाच्या हाती उरतं ते तिकीट, हॉटडॉग, बिअर आणि कुंपणावरच्या जाहिराती. त्यामुळे त्याचं सगळं गणित मैदानावर अवलंबून. आणि मैदान सहसा त्याचं नसतंच, सरकारचं असतं.

1977मध्ये दिवाळं निघालेला हा संघ बेन मॉंडर या निवृत्त गिरणीमालकाने घेतला. त्या वर्षी हंगामभरात जेमतेम 70 हजार लोक आले. मॉंडरने तिकीट स्वस्त ठेवलं, मैदान स्वच्छ ठेवलं. 2005मध्ये आकडा 6 लाख 88 हजारांवर गेला.

मॅकॉय स्टेडियमची एक गंमत होती. डगआउट, म्हणजे खेळाडूंची बसायची जागा, प्रेक्षकांच्या पायाखाली, भिंतीत. खेळाडू हाताला लागायचा नाही, म्हणून पोरं सही ‘गळाला’ लावायची. दुधाचा गॅलनभराचा प्लॅस्टिकचा कॅन घ्यायचा, मूठ शाबूत ठेवून पुढची बाजू कापायची, मुठीला सुतळी बांधायची, आत चेंडू आणि पेन ठेवून खाली सोडायचं. पेन बॉलपॉइंटच हवं; मार्करची शाई कातड्यावर पसरते.

व्यावसायिक बेसबॉलमधला सर्वांत लांब सामनाही इथलाच. 18 एप्रिल 1981, समोर रॉचेस्टरचा संघ. नऊ इनिंगनंतर बरोबरी, आणि ती सुटेपर्यंत जादा इनिंग. ठरावीक वेळेनंतर नवी इनिंग सुरू करायची नाही हा नियम पंचांच्या त्या वर्षीच्या पुस्तिकेत छापायचाच राहिला होता, म्हणून खेळ चालूच. थंडीने कुडकुडणारे खेळाडू मोडक्या बॅटी पिंपात जाळून शेकत होते. लीगच्या अध्यक्षांना फोन लागला आणि पहाटे 4 वाजून 7 मिनिटांनी, 32 इनिंगनंतर, सामना थांबला. स्टँडमध्ये 19 जण उरले होते. जूनमध्ये उरलेला सामना अवघ्या 18 मिनिटांत संपला. पटकेट 3-2 जिंकलं.

मॉंडर 2010मध्ये वारले, 2015मध्ये संघ विकला गेला. नव्या मालकांना राज्याच्या राजधानीत, प्रॉव्हिडन्सच्या नदीकाठी स्टेडियम हवं होतं आणि सरकारकडून 30 वर्षांत सुमारे 12 कोटी डॉलर. लोक खवळले, योजना बारगळली. दुसरा प्रस्ताव पटकेटमधलाच होता: एकूण 8.3 कोटी, त्यात संघाचे 4.5, राज्याचे 2.3, शहराचे 1.5. हा प्रस्ताव वाजवी होता असं मला वाटतं. पण 2018च्या जूनमध्ये मंजूर झालेल्या विधेयकातून राज्याची हमी वगळली होती. हमी नाही म्हणजे कर्जरोख्यांना जास्त व्याज. गाडी इथेच अडली. ऑगस्टमध्ये संघाने मॅसॅच्युसेट्समधल्या वूस्टरला जायचं जाहीर केलं.

2020चा निरोपाचा हंगाम कोविडमुळे झालाच नाही. वूस्टरचं नवं मैदान सुरुवातीच्या अंदाजापेक्षा कितीतरी महाग पडलं, 15 कोटींच्या वर गेलं, त्यामुळे ऱ्होड आयलंडच्या आमदारांना अगदीच मूर्ख ठरवता येत नाही. फक्त याच राज्याने पुढे पटकेटमध्येच फुटबॉलच्या स्टेडियमसाठी कर्जरोख्यांचा आधार दिला आणि ते 2025मध्ये सुरूही झालं, हे पॉसॉक्सवाल्यांना अजून पचलेलं नाही.

मुंबईसाठी आता एक लाख प्रेक्षकांच्या स्टेडियमची भाषा चालू आहे. जमीन कोणाची, कर्जाला हमी कोणाची, आयपीएल नसलेल्या दहा महिन्यांत तिथे काय होणार आणि संघ निघून गेला तर उरलेले हप्ते कोण फेडणार, हे करारात कोणत्या कलमात आहे ते आत्ताच मागून घ्यावं. पटकेटला नव्या हायस्कूलसाठी मॅकॉय पाडलं आहे.