चार सेंटिमीटर पाणी: रॅम एअर किटवरच्या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

'रॅम एअर किटवर पैसे घालवू नका' या माझ्या लेखावर तुम्ही एवढं सविस्तर लिहिलंत, त्याला दोन ओळींत उत्तर देणं बरोबर वाटेना. रॅम एअर किट म्हणजे समोरून येणारी हवा इंजिनापर्यंत नेणारा फिल्टर आणि नळीचा संच. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: मी किट डायनोवर, म्हणजे गाडी जागेवर ठेवून इंजिनाची ताकद मोजणाऱ्या यंत्रावर, तपासलं आणि 'जेमतेम १ बीएचपी' असा निकाल देऊन मोकळी झाले, पण उभ्या गाडीवर रॅम एअर मोजणं म्हणजे विहिरीच्या काठावर बसून पोहणं शिकवण्यासारखं आहे. कावासाकी स्वतःच्या माहितीपत्रकात रॅम एअरचे १० पीएस (बीएचपीसारखंच ताकदीचं माप) छापते, ते काय उगाच? मला मॉडिफिकेशनचंच वावडं आहे आणि पावसाचा बागुलबुवा दाखवून मी पोरांना घाबरवते. शिवाय तुमच्या पोलो जीटी टीएसआयसाठी, म्हणजे टर्बोवाल्या पेट्रोल पोलोसाठी, किट घ्यायचं पक्कं झालंय, कोणतं तेवढंच ठरायचंय.

पहिला मुद्दा पूर्ण मान्य. चालत्या गाडीच्या तोंडावर वारा आदळतो आणि त्याचा दाब तयार होतो, त्या दाबाचं नाव रॅम. डायनोवर चाकं फिरतात, गाडी जागची हलत नाही, आणि समोरचा पंखा असतो तो रेडिएटर गार ठेवण्यापुरता. त्या आलेखावरून रॅमबद्दल काहीही म्हणायचा मला अधिकार नव्हता. लेखातलं ते वाक्य मी काढलं आहे.

पण मग हाच न्याय तुमच्या मित्राच्या गाडीलाही लावू. किट बसवल्यावर डायनोवर १२ बीएचपी वाढले, असं तुम्ही लिहिलंय. वाढलेही असतील, पण ते रॅमचे असूच शकत नाहीत, कारण त्याचीही गाडी उभीच होती. नवा फिल्टर, मोकळी नळी, उघडं बॉनेट, बाहेरची गार हवा, यातल्या कशाचे तरी ते आहेत. कशाचे, हे कळल्याशिवाय किट निवडता येत नाही.

तुमची प्रतिक्रिया वाचल्यावर मला स्वस्थ बसवेना. गवंडी लेव्हल काढायला वापरतात ती पारदर्शक नळी हार्डवेअरच्या दुकानातून आणली, फळीवर यू आकारात बांधली, आत पाणी भरलं आणि नीट दिसावं म्हणून त्यात चिमूटभर नीळ टाकली. गाडी माझीच, जुनी होंडा सिटी व्हीटेक, १.५ लिटर, १०६ बीएचपी, टर्बो नाही. नळीचं एक टोक पुढच्या जाळीमागे, तोंड वाऱ्याकडे करून, आणि दुसरं केबिनमध्ये, काचा बंद. फळी भाच्याच्या मांडीवर, आणि तीही आडवी, म्हणजे यूचा एक पाय डाव्या दाराकडे, दुसरा माझ्याकडे. पुढे-मागे धरली तर गाडीनं वेग घेतला की पाणी आपोआप मागच्या पायात चढतं आणि मोजमाप खोटं ठरतं. पहिल्या फेरीत आम्ही नेमकं तेच केलं आणि आकडे बघून उगाच हरखलो.

सकाळी सहाला एक्सप्रेसवेवर, कामशेतच्या अलीकडच्या सपाट पट्ट्यात, मर्यादेतल्या १०० किमी वेगाला दोन पातळ्यांमधला फरक आला ४ सेंटिमीटर. भाचा पट्टी लावून तीनदा बोलला, "मावशी, चारच." हवेचा एकूण दाब तिथे साधारण साडेनऊ मीटर पाण्याइतका असतो. साडेनऊशे सेंटिमीटरमध्ये ४ सेंटिमीटरची भर, म्हणजे अर्धा टक्काही नाही. १०६ बीएचपीवर जास्तीत जास्त अर्धा बीएचपी. कागदावरचं गणितही तेवढंच येतं.

मग नळीचं टोक फिल्टरच्या पलीकडे, इंजिनाच्या बाजूला नेलं, फिल्टर आणि थ्रॉटल (इंजिनात किती हवा जाणार ते ठरवणारी झडप) यांच्या मधे. त्यासाठी जुन्या बाजारातून सिटीच्या फिल्टरबॉक्सचं झाकण आणून त्याला बारीक भोक पाडलं, स्वतःच्या झाकणाला हात लावला नाही. दुसरा गिअर, पाय पूर्ण दाबलेला, आरपीएम सहा हजारांच्या पुढे. पाणी उलट बाजूला ओढलं गेलं, २४ सेंटिमीटर! इंजिन हवा ओढतंय आणि वाट अडवतेय, तो हा अडथळा. फिल्टर काढून पाहिला तर घड्यांमध्ये धूळ बसलेली. कंपनीचाच नवा कागदी फिल्टर घातला आणि तीच फेरी पुन्हा मारली, तर आकडा १७ वर आला. काही शे रुपयांच्या फिल्टरनं ७ सेंटिमीटर परत मिळवून दिले, आणि १०० च्या वेगाला रॅम देतो ४.

आता कावासाकी. त्यांच्या झेडएक्स-१०आर या बाइकच्या २०२१ च्या मॉडेलचा आकडा २०३ पीएस, रॅम एअर धरून २१३, आणि तो खोटा नाही. वेग दुप्पट झाला की हा दाब चौपट होतो, तिप्पट झाला की नऊपट. १०० ला ४ सेंटिमीटर, तर ३०० ला ३६, म्हणजे जवळपास ४ टक्के. कावासाकीच्या दाव्याच्या आसपासच पोचलो ना आपण? त्या बाइकचं हवेचं तोंड नाकावर, जिथे दाब सर्वांत जास्त तिथे असतं, तिथून बंद एअरबॉक्सपर्यंत (इंजिनाआधीच्या हवेच्या डब्यापर्यंत) कुठे फट नसते, आणि ती खरोखर तीनशेच्या घरात जाते. १९९० च्या झेडझेडआर ११०० पासून त्यांनी हे तंत्र रस्त्यावरच्या बाइकवर घोटलं आहे. तुमची पोलो वाकडहून लोणावळ्याला जाते. तुमच्या वेगाला रॅम चिमूटभरच मिळणार, म्हणून किट घेताना त्याच्या नावाकडे पाहू नका.

पाहायचं ते तापमान. फ्रिजमध्ये लावतात तो वायरचा थर्मामीटर मी एका ओळखीच्या गाडीतल्या उघड्या कोन फिल्टरपाशी, म्हणजे डब्याशिवायच्या शंकूच्या आकाराच्या फिल्टरपाशी, बांधला. बाहेर ३६ अंश होतं. सिग्नलला तीन-चार मिनिटं थांबल्यावर फिल्टरपाशी ६१! हवा दर तीन अंशांना साधारण एक टक्का विरळ होते, म्हणजे २५ अंशांत ७-८ टक्के गेले. गाडी चालायला लागली की आकडा उतरतो, पण शहरात ती चालते किती आणि थांबते किती, हे तुम्हीच सांगा. बॉनेटखाली चमकणारा कोन आवाज छान करतो, मलाही तो आवाज आवडतो, पण तो इंजिनाला भट्टीतली हवा पाजतो. बंद डबा, बॉनेटला घट्ट टेकणारा रबर आणि हेडलाइटमागून किंवा जाळीच्या वरच्या कडेतून बाहेरची हवा घेणारं तोंड, एवढं ज्या किटमध्ये असेल ते विचारात घ्या, मग त्याच्या डब्यावर रॅम लिहिलेलं असो वा नसो. नळी आतून गुळगुळीत आणि कमी वळणांची हवी. ती चुण्यांची लवचिक पाइप दिली तर परत करा.

फिल्टरवर मी अडून बसेन. त्याच ओळखीच्या गाडीत एक स्वस्त, बिननावाचा कोन वर्षभर होता. तो काढून नळीच्या आतून पांढरं फडकं फिरवलं तर त्यावर तांबूस, पिठासारखी धूळ आली. ती फिल्टरच्या पलीकडची, म्हणजे इंजिनाच्या बाजूची होती. बोटांत चोळली तर करकर लागत होती. तेच सिलिंडरच्या भिंतीवर घासतं. विक्रेत्याला आयएसओ ५०११ चाचणीचे आकडे विचारा, धूळ किती टक्के अडते ते. जो 'एअरफ्लो' सोडून दुसरं बोलत नाही, त्याच्याकडून घेऊ नका. तेल लावायचा कॉटन फिल्टर घेतलात तर तेल अगदी बेतानं लावा. एअरफ्लो सेन्सर (आत जाणारी हवा मोजणारा) असलेल्या गाडीत जादा तेल त्याच्या तारेवर बसतं आणि इंजिन चुकीचं इंधन मोजतं.

तुमच्या पोलोचा प्रश्न आणखी वेगळा आहे. टर्बो, म्हणजे इंजिनात हवा दाबून भरणारा पंखा, किती दाब देणार हे ईसीयू, म्हणजे इंजिनाचा संगणक, ठरवतो. वाट मोकळी केली तर टर्बोला तोच दाब कमी कष्टात मिळतो, पण ईसीयूनं मागितलेला टॉर्क (इंजिनाचा पीळ) तेवढाच राहतो. रीमॅप, म्हणजे ईसीयूचा प्रोग्रॅम बदलणं, करणार नसाल तर बदल आवाजात जाणवेल, पॉवरमध्ये फारसा नाही. रीमॅप करणार असाल तर चांगलं बंद डब्याचं किट आधी घेणं योग्य, आणि वॉरंटी शिल्लक असेल तर तिचा विचार त्याच्याही आधी.

पावसाबद्दल मात्र मी मागे हटणार नाही. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला होता. तेवढा पडायची वाट बघायची गरज नाही, कुठलाही तुंबलेला भुयारी मार्ग पुरतो. कंपनी हवेचं तोंड वर ठेवते ते याच कारणासाठी. रॅमच्या नावाखाली ते बंपरच्या खालच्या जाळीत आणलं की गाडीनं समोर ढकललेली पाण्याची लाट थेट आत जाते. सिलिंडरमध्ये गेलेलं पाणी हवेसारखं दाबलं जात नाही, म्हणून पिस्टनला जोडलेला कनेक्टिंग रॉड वाकतो. साध्या विमा पॉलिसीत इंजिनाचं हे नुकसान सहसा मिळत नाही, इंजिन प्रोटेक्शनचं वेगळं कव्हर लागतं, आणि गाडीत केलेला बदल विमा कंपनीला कळवलेला नसेल तर तिथेही वाद होतो. बंपरच्या खालच्या भागात तोंड असलेलं किट पुण्या-मुंबईत मी कुणालाही घेऊ देणार नाही.

मला मॉडिफिकेशनचं वावडं नाही. तुमच्या पगारातले पैसे जिथे गाडीला लागू पडतील तिथे जावेत, एवढंच वाटतं. ऑर्डर देण्याआधी दोन गोष्टी करा: पोलोचा फिल्टर बदला, आणि माझी नळीची फळी घेऊन जा. तुमच्या गाडीचे आकडे आले की कळवा, त्यावरून किट आपण मिळून ठरवू. सहा हजार आरपीएमला अडथळा १० सेंटिमीटरच्या आत असेल, तर मी सरळ 'घेऊ नका' म्हणेन.