‘ॲपला पैसे भरणारे खुळे’ म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

गाणी ऐकायला दरमहा पैसे भरणारे खुळे आहेत, असं सांगणारा मेसेज सध्या सगळ्या ग्रुपवर फिरतोय. म्हणणं थोडक्यात असं: पैसे कंपनी खाते, कलाकाराला दमडी मिळत नाही, जुनी गाणी आता कुणाचीच नाहीत, आवाजात काही फरक नसतो, आणि डाउनलोड केलेलं गाणं कायमचं आपलं, ॲप बंद पडलं की हात रिकामे. मी स्वतः कितीतरी वर्षं फुकटात उतरवलेली गाणीच ऐकली आहेत, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

‘कलाकाराला दमडी मिळत नाही.’ गायकांच्या बाबतीत ही तक्रार पुष्कळदा खरी असते. एकरकमी मानधन हातावर ठेवलं की विषय संपला, असे करार आपल्याकडे सर्रास झाले. साठच्या दशकात लता मंगेशकर आणि मोहम्मद रफी यांनी काही वर्षं एकत्र गायचं थांबवलं होतं, ते रॉयल्टीच्याच, म्हणजे गाण्याच्या कमाईतल्या पुढच्या वाट्याच्या, वादावरून. पण गीतकार-संगीतकारांसाठी 2012 साली कॉपीराइट कायदा बदलला. सिनेमातलं गाणं थिएटरबाहेर कुठेही वाजलं तर रॉयल्टीत त्यांचा समान वाटा. हा हक्क कंपनीला लिहून देताच येत नाही. दिला तरी करारातलं ते कलम रद्दबातल. ही रॉयल्टी गोळा करून वाटायचं काम आयपीआरएस ही 1969 पासूनची संस्था करते.

आता ॲपवरच्या गाण्याचा वाटा ठरतो कशावर? गाणं किती वेळा वाजलं, त्या मोजणीवर. मेमरी कार्डातलं गाणं मी हजार वेळा ऐकलं तरी ते कुठेच मोजलं जात नाही. वाटा तुटपुंजा आहे हे मलाही खटकतं, पण म्हणून तो शून्यावर आणायचा, हा उपाय कसा झाला? मोठ्या नावांचं यात फारसं बिघडत नाही. स्पॉटिफायवर 2024 पासून वर्षाला किमान 1000 वेळा न ऐकलेल्या गाण्याला रेकॉर्डिंगचे पैसेच मिळत नाहीत. एखाद्या मराठी कवितेला चाल लावून स्वतःच्या खर्चानं गाणं काढणाऱ्या पोरांसाठी आपलं पाचपन्नास वेळा ऐकणं हिशेबात धरण्याजोगं असतं.

माझे डोळे उघडले ते कार्ड कॉम्प्युटरला लावलं तेव्हा. बसस्टँडसमोरच्या मोबाइलच्या दुकानातून भरून आणलेलं, चार जीबीचं, हजारभर गाण्यांचं. एकेका फाइलची माहिती उघडत गेलो. गायकाच्या जागी कुठल्याशा वेबसाइटचं नाव, अल्बमच्या जागी तेच, मुखपृष्ठाच्या जागी तिचीच जाहिरात. आई रोज पहाटे लावायची त्या भावगीताचं नाव होतं ‘ट्रॅक 07’. कवीचं नाव एकाही फाइलवर नव्हतं. एकाही! ॲपवरही मराठी गाण्यांची श्रेयं अपुरी असतात, क्वचित चुकीचीही, आणि त्याबद्दल भांडायलाच हवं. पण तिथे भांडायला समोर कुणीतरी असतं.

‘जुनी गाणी कुणाचीच नाहीत.’ साफ चूक. रेकॉर्डिंगवरचा हक्क ते प्रसिद्ध झाल्यापासून 60 वर्षं असतो, पण शब्द आणि चाल यांवरचा हक्क रचणाऱ्याच्या मृत्यूनंतर 60 वर्षं टिकतो. ‘गीतरामायण’ पुणे आकाशवाणीवर 1955 साली सुरू झालं. गदिमा 1977 साली गेले, सुधीर फडके 2002 साली. म्हणजे शब्दांवरचा हक्क 2037 अखेरपर्यंत आणि चालींवरचा 2062 अखेरपर्यंत वारसांकडे किंवा ज्यांना तो दिला असेल त्यांच्याकडे आहे. सत्तर वर्षं झाली म्हणून ते बेवारस होत नाही.

आवाजाचं म्हणाल तर 128 केबीपीएसची फाइल (हा आकडा मोठा तितका आवाजाचा तपशील जास्त) फुगवून 320 म्हणून खपवलेली मी ढिगानं पाहिली. एकदा गाळला गेलेला आवाज आकडा वाढवून परत येत नाही. अभंगातले टाळ ऐका, लगेच कळेल: किणकिण जाऊन नुसती चरचर उरलेली असते. आणि महिन्याचे पैसे परवडत नसतील तर जाहिरातींसकट फुकट ऐकणंही कायदेशीर आहे. तेही मोजलं जातं.

राहिलं ‘हात रिकामे’. हे खरं आहे, मान्य. विंक आणि रेसो ही गाण्यांची दोन्ही ॲप 2024 मध्ये बंद झाली आणि लोकांनी वर्षानुवर्षं लावलेल्या याद्या हातच्या गेल्या. आपण भाडं भरतो, गाणं विकत घेत नाही. म्हणून जी गाणी जन्मभर लागणार आहेत, त्यांच्या सीडी मी शोधून घेतल्या. कार्डातली चाळीसेक मराठी गाणी मात्र अजून कुठल्याच ॲपवर सापडलेली नाहीत. त्यांची यादी खिशात असते. जुन्या कॅसेटवाल्याकडे रविवारी चक्कर मारतो. आजवर सहा सापडली. ‘ट्रॅक 07’ त्यातच होतं, आणि कॅसेटच्या आतल्या कागदावर कवीचं नाव बारीक अक्षरात छापलेलं होतं.