प्रतिक्रियेला उत्तर : 1968 ची ‘अस्सल’ डिझेल अँबेसेडर

नमस्कार साहेब,

जुन्या पेट्रोल गाडीत नंतर डिझेल इंजिन घातलंय का, हे भोकं आणि वेल्डिंगवरून ओळखा, असं मी लिहिलं होतं. त्यावर तुमचं म्हणणं थोडक्यात असं : “बॉनेट उघडलं की बीएमसीचं (ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनचं) इंजिन दिसतं, ते अँबेसेडर जिच्यावर बेतली त्या मॉरिसचंच, म्हणजे गाडी अस्सल. आमची 1968 ची डिझेल अँबेसेडर तशीच आहे. भोकं आणि वेल्डिंग शोधायला लावून लोकांच्या गाड्यांचे भाव पाडू नका.”

बीएमसीचं 1489 सीसी डिझेल इंजिन मॉरिसच्या घरचं, हे मान्य. पण हिंदुस्थान मोटर्सने ते अँबेसेडरला दिलं मार्क फोर मॉडेलच्या काळात, 1979 नंतर. तेव्हा तुमच्या गाडीत ते नंतर उतरवलंय, यात वादच नाही. उलट बाजूही सांगतो. डिझेल दिसलं म्हणजे इंजिन बदललंच, असंही नाही. स्टँडर्ड व्हॅनगार्ड 1954 पासून आणि लँड रोव्हर 1957 पासून कंपनीच्याच डिझेलमध्ये मिळत होत्या. म्हणून आधी साल, मग मॉडेल, आणि इंजिन शेवटी.

खरा पुरावा पत्र्यात असतो. पेट्रोल इंजिन जाताना फक्त त्यालाच लागणारे कॉइल, कार्ब्युरेटर आणि चोक घेऊन जातं, पण त्यांच्या जागा तिथेच राहतात. फायरवॉलवर, म्हणजे इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्यावर, कॉइलच्या क्लॅम्पची दोन भोकं, मॉरिस मायनर असेल तर तिथेच एस.यू. पेट्रोल पंपाची जागा. रंगाखाली पुटी भरली असली तरी आतल्या बाजूने बोट फिरवलं की खड्डा लागतो. डॅशबोर्डवर चोकची नॉब ओढून बघा. चालू इंजिन बंद पडलं, तर चोकच्या जागी डिझेल पंपाची स्टॉप केबल जोडलीय.

मग गाडीखाली जा. इंजेक्टरमधून उरलेलं डिझेल टाकीत परत न्यावं लागतं, पेट्रोल गाडीच्या टाकीला मात्र एकच पाइप पुरतो. दुसरा पाइप ब्रास वेल्डिंगने चिकटवलेला किंवा फिलर नळीत टी मारून घुसवलेला दिसला, तर ते गॅरेजचं काम. काही मिस्त्री तो पाइप टाकीपर्यंत न नेता फिल्टरलाच जोडतात. मग गरम डिझेल आणि हवा तिथेच फिरत राहते, आणि चोर्ला घाट चढताना गाडी धापा टाकते.

आपल्याकडे वडापला, म्हणजे शेअर भाड्याला, लावलेल्या गाड्यांत बीएमसीऐवजी जीपचं प्यूजो एक्सडीपी 4.90 किंवा मॅटॅडोरचं इंजिन घातलेलं असेल, तर ओळख आणखी सोपी. माउंटिंगच्या पट्ट्या गॅसने कापून क्रॉसमेंबरवर (इंजिनाखालच्या आडव्या तुळईवर) वेल्ड केलेल्या, गिअरबॉक्सचा बोगदा ठोकून रुंद केलेला, मागच्या चाकांकडे जाणारा प्रोपेलर शाफ्ट कापून जोडलेला. जोडाची कडी नीट बॅलन्स केली नसेल, तर ठरावीक वेगाला फ्लोअर थरथरतो. इंजिन जड, त्यामुळे नाक खाली बसतं. ते लपवायला पुढच्या सस्पेन्शनचे टॉर्शन बार पिळून उंची वाढवतात आणि मग पुढून गाडी दणके देते.

बॅटरी चार्ज होतेय की नाही हे दाखवणारं अँपिअर मीटर बघायला बहुतेक लोक विसरतात. जुन्या लुकास कंपनीच्या वायरिंगमध्ये बॅटरीचा पॉझिटिव्ह अर्थला, म्हणजे बॉडीला जोडलेला असायचा. डिझेल घालताना अल्टरनेटर बसवून निगेटिव्ह अर्थ करतात, पण मीटरच्या वायरी उलटायच्या राहतात. मग चार्जिंग चालू असताना काटा डिस्चार्जकडे झुकतो. अर्थात नुसता अल्टरनेटर बदललेल्या पेट्रोल गाडीतही हे होतं. त्यामुळे एवढ्यावरून निकाल देऊ नका.

आता भावाचं. इंजिन बदललेली गाडी वाईट नसते, रोजच्या वापराला उत्तम. पण 2021 च्या केंद्रीय नियमांत विंटेज नोंदणी, म्हणजे ‘व्हीए’ मालिकेचा नंबर, पहिल्या नोंदणीपासून 50 वर्षं उलटलेल्या आणि मूळ रूपात राखलेल्या गाडीलाच मिळतो. चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा बदल चालत नाही. नोंदणीची फी 20,000 रुपये. विंटेजचा भाव देऊन डिझेल घातलेली गाडी घेणारा इथेच फसतो. भाव मी पाडत नाही, नियमच तसा आहे.

बेळगावची केए-22 असो वा कोल्हापूरहून एनओसीवर आलेली एमएच-09, आरटीओतून बी एक्स्ट्रॅक्ट, म्हणजे नोंदणीचा उतारा काढा. इंधनाच्या रकान्यात ‘पेट्रोल’ असेल, किंवा ब्लॉकवर कोरलेला नंबर कागदाशी जुळत नसेल, तर मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 प्रमाणे बदलाची नोंद झालेली नाही. अपघाताच्या क्लेमला विमा कंपनी पहिलं बोट तिथेच ठेवते. तुमच्या गाडीचंही एकदा तपासून घ्या, आणि नोंद नसेल तर विकायला काढण्याआधी आरटीओत विचारा.