कादंबरीचा फुगवटा

सांगलीत राहून पुरावर कादंबरी लिहू नये. लिहिलीच, तर ‘जरा वाचून बघता का?’ म्हणत कुणाच्या हातात तरी देऊ नये. लिहिणं एकवेळ सोपं. छापायच्या आधी तिच्यावरून शेवटचा हात फिरवताना जीव जातो.

माझी कादंबरी 2019च्या ऑगस्टमधली. नायक आयर्विन पुलावर उभा राहून कृष्णेचं वाढतं पाणी बघतो आणि त्याच्या मनात नाना तरंग उठतात. चांगली दोन पानं उठतात. मी त्यांत जीव ओतला होता. पण वाचून आलेल्या प्रत्येकाने एकच विचारलं, ‘तेव्हा पाणी किती फुटांवर होतं?’

बाहेरच्यांना हे कळायचं नाही. आमच्याकडे पुलाजवळ 40 फूट झालं की इशारा, 45 झालं की धोका, हे शाळेत न जाणाऱ्या पोरालाही पाठ. पावसाळ्यात चहाच्या गाड्यावर माणसं नमस्कार-चमत्कार न करता थेट ‘किती झालं?’ म्हणतात. कोयनेतून किती क्युसेक सोडलंय आणि कर्नाटकातल्या अलमट्टी धरणाच्या पाण्याचा फुगवटा इथवर येतो की नाही, यावरून सख्ख्या भावांत अबोला धरला जातो. त्या साली पाणी 57 फुटांच्या वर गेलं होतं. तेव्हा नायकाला नेमकं कितव्या फुटाला पुलावर उभं करायचं, यावर आमच्या ह्यांनी आणि भावजींनी मध्यरात्रीपर्यंत खल केला. तरंगांबद्दल चकार शब्द नाही.

मग मामांचा फोन. नायकाचं नाव राम, मामांचंही राम. ‘बायकोला घाबरतोय तो मीच न्हवं?’ घरात वितुष्ट नको म्हणून नायकाचा समीर करायचं ठरलं. डीटीपी करणाऱ्या पोराने एक बटण दाबून सगळ्या कादंबरीत समीर करून दिला. आता पाटील दारात येऊन ‘समीरसमीर, पाव्हणं!’ म्हणतात, आजी दुपारी आसमीर करतात आणि बोटी मागायला माणसं ज्या ‘ग्समीरपंचायती’त जातात, तिचा उच्चार करून बघायचा असेल तर आधी पाणी पिऊन घ्या.

मुद्रितं तपासायला मराठीचे निवृत्त सर गाठले. साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे 18 नियम त्यांच्या जिभेवर आणि लाल पेन कायम खिशाला. ऱ्हस्व-दीर्घाचं त्यांनी सोनं केलं, खोटं कशाला बोलू. पण त्या भरात माणसांची बोलीही शुद्ध केली. काकानगरातली म्हातारी पत्र्यावर चढून ओरडते, ‘अहो, पाणी आले आहे!’ अशा बाईकडे बोट कशाला वळेल? फार तर बातमीदार येईल. सरांना नीट समजावून सांगितल्यावर त्यांनी ते मनावर घेतलं आणि पुढच्या मुद्रितात जिल्हाधिकारीसुद्धा ‘पानी आलंया’ म्हणायला लागले.

हे सगळं निस्तरून होतंय तोवर प्रकाशकांचा फोन आला. ‘ताई, छपाईचा एक फॉर्म 16 पानांचा असतो. तुमची 259 झालीत. एक तर तीन काढा, नाहीतर 13 वाढवा.’

तीन काढायची म्हटल्यावर घरात कमालीचं एकमत झालं. तरंग!

मी लाल पेन घेऊन जड मनाने बसले होते. शेजारी सासूबाई लसूण सोलत होत्या. रोज एकेक प्रकरण त्यांनी ऐकलं होतं, पण कधी काही बोलल्या नव्हत्या. आज म्हणाल्या, ‘पाणी उतरलं आणि पुस्तक संपलं व्हय गं? चिखल कुणी काढला?’

मी गप्प. खरंच की. बोटी होत्या, हेलिकॉप्टर होतं, नायक-नायिकेची गच्चीवरची भेट होती. ओट्यावर उताणा पडलेला फ्रीज नव्हता. पोत्यात फुगून आंबलेल्या गव्हाचा वास नव्हता. पलंगाखाली वाळून बसलेला गाळ खुरप्याने खरवडावा लागतो, तेही नव्हतं.

प्रकाशकांना कळवलं, 13 वाढतील. ते म्हणाले, किंमतही वाढेल. वाढू दे म्हटलं.

सासूबाईंनी लसणाचं ताट बाजूला सारलं, पदर खोचला. ‘घे लिहून. पहिल्यांदा हे लिही, पलीकडच्यांनी आपला खराटा नेला, तो अजून परत दिलेला नाही.’