ज्याचं कामच सरकायचं, तोच ढिम्म हलत नाही

तीन दिवस गेले माझे. तीन! आणि काम काय होतं, तर ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं मागचं ऑईल सील, म्हणजे ऑईल अडवणारी रबरी रिंग, गळत होतं ते बदलायचं. बास एवढंच. मागच्या अॅक्सलवरच्या डिफरन्शियलकडचे बोल्ट सोडायचे, गिअरबॉक्सपासून तिथवर जाणारा लांब शाफ्ट जरासा पुढे ढकलून मागचं टोक खाली घ्यायचं, मग अख्खा शाफ्ट मागे ओढायचा, त्याच्या पुढच्या टोकाचा योक गिअरबॉक्सच्या शेपटातून, म्हणजे मागच्या कव्हरमधून, सुळ्ळकन बाहेर येतो, जुनं सील उचकटायचं, नवं ठोकायचं, विषय संपला. आधी दोनदा केलंय मी हे. जेवायच्या आत उरकेल असं घरात सांगून गाडीखाली शिरलो होतो, आत्ता लिहिताना लाज वाटतेय.

मागचे बोल्ट अगदी शहाण्यासारखे सुटले, तिथेच मला संशय यायला हवा होता. शाफ्ट पुढे ढकलला. नाही. पहार घालून ढकलला. नाही. पाय लावून, पाठ जमिनीला टेकवून, दात आवळून ढकलला, तर शाफ्ट जागचा हलला नाही, मीच मागे सरकलो.

आता ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, म्हणजे तुम्हाला पण माझ्याएवढाच राग यावा म्हणून सांगतो. हा योक म्हणजे आतून दाते असलेली एक नळी, गिअरबॉक्समधून येणाऱ्या छोट्या शाफ्टवर (हा आउटपुट शाफ्ट) बाहेरून दाते, म्हणजेच स्प्लाईन, आणि ही नळी त्यावर मागेपुढे सरकते. सरकायलाच पाहिजे, कारण खड्डा आला की मागचा अॅक्सल वरखाली होतो, तसं गिअरबॉक्स आणि डिफरन्शियलमधलं अंतर कमीजास्त होतं, आणि तो फरक गिळायचं काम या एका तुकड्याचं. फिरायचं आणि सरकायचं, दोनच कामं दिलीत त्याला आयुष्यात. त्यातलं एक त्याने सोडून दिलं होतं आणि मला पत्ताच नाही.

पत्ता नाही कसा म्हणा. सिग्नलवरून गाडी काढली की खालून टक्क असा आवाज यायचा गेले कित्येक महिने. एका गॅरेजवाल्याला दाखवलं, तो म्हणाला डिफरन्शियलमध्ये प्ले म्हणजे ढिलेपणा आलाय, उघडावं लागेल. डिफरन्शियल उघडावं लागेल म्हणे! अरे तूच तर त्याच्या आधी क्रॉस (योक आणि शाफ्ट जोडणारा सांधा) बदलायला हा शाफ्ट काढला होतास आणि स्प्लाईन पेट्रोलने पुसून चकाचक करून कोरड्याच्या कोरड्या परत घातल्यास, हे मला आत्ता कळतंय, योक बाहेर आल्यावर. काही गिअरबॉक्समध्ये आतलं ऑईल स्प्लाईनपर्यंत पोचतं, तिथे निभावून जातं. पण काहींमध्ये मधे रबरी सील असतं, ऑईल तिथवर येतच नाही, तिथे मॉलीवालं (मॉलिब्डेनमवालं) ग्रीस हातानेच लावावं लागतं, दुसरं कोणी लावायला येत नाही. बोटभर ग्रीस, बोटभर! तेवढं लावायचा कंटाळा एकाने केला आणि भोगतंय कोण.

असो. तर शाफ्ट पुढे जात नाही म्हणजे मागचं टोक डिफरन्शियलच्या फ्लँजमधून, म्हणजे ते जिथे बोल्टने बसतं त्या चकतीतून, सुटत नाही, आणि ते सुटत नाही म्हणून शाफ्ट खाली येत नाही. शेवटी पुढचा क्रॉसच उघडला. क्रॉसचे कप अडवणाऱ्या सर्क्लिप, म्हणजे स्प्रिंगच्या छोट्या कड्या, काढल्या, त्यातली एक उडून कुठे गेली देव जाणे, सी क्लॅम्प लावून कप दाबून काढले, तेव्हा कुठे शाफ्ट मोकळा झाला आणि योक तेवढा गिअरबॉक्सला चिकटून राहिला, क्रॉस धरणारे दोन कान वर करून, माझ्याकडे बघत. क्रॉस काढायच्या आधी योकवर आणि शाफ्टवर मार्करने खूण केली होती, नाहीतर उलटा बसतो आणि गाडी थरथरायला लागते. तेवढी एक अक्कल दाखवली मी या तीन दिवसात.

आणि हो, एक गोष्ट, प्लीज. गाडी पी मध्ये आहे म्हणजे हलणार नाही असं समजून कोणी शाफ्ट सोडू नका. पी मध्ये गिअरबॉक्सच्या आतला एक खटका आउटपुट शाफ्ट अडवतो, चाकं नाही. शाफ्ट सुटला की चाकांचा आणि पीचा संबंध संपला. चाकांना ठोकळे लावा, स्टँड लावा, नुसत्या जॅकवर गाडी ठेवून खाली शिरू नका. मी चिडलेलो असलो तरी मला तुम्ही जिवंत हवे आहात.

मग सुरू झाले सल्ले. गाडीखालून दोन पाय बाहेर दिसले की जाणारा प्रत्येक माणूस इंजिनिअर होतो. पहिला सल्ला, हातोडा घाल. दुसरा सल्ला, मोठा हातोडा घाल. तिसरा महाभाग म्हणतो साखळी बांधून दुसऱ्या गाडीने ओढ. अरे बाबा, ऑटोमॅटिक आहे ती! तो आउटपुट शाफ्ट आत एका रिंगवर आणि पातळ पातळ थ्रस्ट वॉशरवर सांभाळून धरलेला असतो, पुढे प्लॅनेटरी गिअरचा सगळा संसार, आणि बाहेरचं शेपूट म्हणजे अॅल्युमिनियमचं. तुझा हातोडा योकवर बसला तरी मार जातो त्या रिंगवर. योक निघेल की नाही माहीत नाही, पण गिअरबॉक्स उघडायला लागेल हे नक्की. मॅन्युअलला आम्ही असंच काढतो म्हणे. काढत असाल, तिथे बहुतेक वेळा शाफ्ट चांगल्या जाड बेअरिंगमध्ये बसलेला असतो, इथे तसं नाहीये, आणि हे गाडीखाली झोपून, डोळ्यात गंज पडत असताना, मान तिरकी करून समजावून सांगायचं म्हणजे काय शिक्षा आहे ते ज्याचं त्याला माहीत.

बरं मग गरम करू. कसं करू? योकला घट्ट लागून रबरी सील, त्याच्या आत बुश (योक ज्यात फिरतो ती कडी), त्याच्या आत ऑईल. सील जळालं तर जळू दे, बदलायचंच आहे, पण बुश आणि ऑईल? ऑटोमॅटिकचं ऑईल पेटतं हो, लाल रंगाचं सरबत नाही ते.

बरं मग अख्खं शेपूटच सोडून योकसकट काढू, चार बोल्ट तर आहेत. इथेच घोडं पेंड खातं. शेपटाच्या भोकातून योकची नळी आत गेलीये, आणि योकचे कान त्या भोकापेक्षा मोठे. म्हणजे योक निघाल्याशिवाय शेपूट निघत नाही. योक जाम आहे म्हणून सील निघत नाही, शेपूट निघत नाही, काहीच निघत नाही. आणि कापावा म्हटलं तर नळीचा जेमतेम इंचभर भाग बाहेर दिसतो, बाकी सगळी आत लपून बसलेली, ग्राइंडर लावणार कुठे, माझ्या कपाळाला?

पहिल्या दिवशी मी जे केलं ते सांगायला नको होतं, पण सांगतो. डब्ल्यूडी ४० चा अख्खा कॅन त्या योकवर बाहेरून मारला. अख्खा. संध्याकाळी गाडीखाली पडून तो थेंब थेंब गळताना बघतोय आणि डोक्यात उजेड पडला, की गंज नळीच्या आत आहे आणि मी नळी बाहेरून धुतोय. बाहेरून आत जायला वाटच नाही! सील कशासाठी असतं, कुठलंही तेल इकडून तिकडे जाऊ नये म्हणूनच ना. म्हणजे ज्या सीलला आयुष्यभर जमलं नाही ते त्याने नेमकं त्या दिवशी करून दाखवलं. त्यात डब्ल्यूडी म्हणजे वॉटर डिस्प्लेसमेंट, १९५३ मध्ये पाणी हटवायला आणि गंज लागू नये म्हणून बनवलेली चीज ती, चाळिसाव्या प्रयत्नात जमली म्हणून ४०. गंज लागून वर्ष झाल्यावर तिच्याकडून काय अपेक्षा ठेवणार.

दुसऱ्या दिवशी शांत डोक्याने, म्हणजे त्यातल्या त्यात शांत, योकच्या दोन कानांच्या मधे टॉर्च मारून बघितलं. तिथे पत्र्याची एक गोल टिकली दाबून बसवलेली असते. क्रॉस जागेवर असेल तर दिसत पण नाही. पंच लावून तिला भोक पाडलं, स्क्रूड्रायव्हरने उचकटली, आणि मागे समोरासमोर आउटपुट शाफ्टचं टोक, आणि त्याच्या भोवती लाल तपकिरी भुकटी, ग्रीसचा मागमूस नाही. हीच ती वाट! दीड दिवस मी दाराला डोकं आपटत होतो आणि खिडकी मधोमध होती.

ऑटोमॅटिकचंच ऑईल आणि अॅसिटोन निम्मं निम्मं करून त्यातून आत सोडलं. (उघड्यावर करा, आसपास बिडी सिगरेट नको, वासाने डोकं उठतं.) रात्रभर ठेवलं. तिसऱ्या दिवशी पुलर, दोन जबडे कानांच्या मागे, मधला बोल्ट टिकलीच्या भोकातून थेट शाफ्टच्या टोकावर. आता गंमत बघा, यात योक मागे ओढला जातो आणि शाफ्ट तेवढ्याच जोराने आत दाबला जातो, जोर दोघांच्या दोघांत मिटतो, आतल्या रिंगला वॉशरला काही कळत पण नाही. हातोडावाल्यांनो, हे असं असतं.

बोल्ट आवळला, कानांवर पितळी हातोडीने टिचक्या मारल्या, थांबलो. पाव फेरा, टिचक्या, थांबलो. तासभर हेच. मग टण्ण असा आवाज झाला की मला वाटलं पुलर तुटून डोक्यात आला, डोळे मिटून पडून राहिलो. योक केसभर सरकला होता. केसभर! तिथून पुढे प्रत्येक फेऱ्याला तो कुरकुरत, रडत, लाल भुकटी माझ्या तोंडावर सांडत आला, आणि शेवटची सूतभर जागा मात्र अचानक सोडली, योक छातीवर आणि पाठोपाठ ऑईल. गाडी चारी स्टँडवर सपाट उभी, शेपटाला लावायचं बूच दूर टूलबॉक्समध्ये, आणि मी एका हाताने योक आणि दुसऱ्या हाताच्या तळव्याने भोक धरून ओरडतोय, कोणीतरी प्लास्टिकची पिशवी आणा. सल्ले देणारं एक माणूस तेव्हा आसपास नव्हतं.

शाफ्टचे दाते वाचलेत, नशीब. योकचे आतून खाल्लेत, आणि बाहेरून ज्या पट्टीवर सीलचं ओठ टेकतं तिथे गोल खाच पडलीये, नख अडकतं. म्हणजे मी नवं सील बसवलं तरी ते गळणारच. ज्या योकला जपून, गोंजारून, एक ओरखडा न येऊ देता तीन दिवस काढत होतो तो भंगारात जाणार आहे.

आणि नवा मागवायला दाते मोजावे लागतात, कारण कुठे २७ असतात कुठे ३२. मोजले, २६ आले. परत मोजले, २८. तिसऱ्यांदा एका दात्यावर मार्करने टिंब काढून मोजले तेव्हा २७ आले. शेपटाच्या भोकाला पिशवी आणि रबरबँड लावून ठेवलंय, गाडी स्टँडवर, सर्क्लिप अजून सापडलेली नाही, आणि आतून आत्ता परत आवाज आला, झालं का रे?