शीर्षक मुलांना ठरवू द्या

2025 च्या जूनमध्ये पहिलीपासूनच्या हिंदीवरून महाराष्ट्रात रान पेटलं, तेव्हा इथे इंग्लंडमधल्या लेस्टरमध्ये आम्हा मराठी माणसांचे व्हॉट्सॲप ग्रुपही तापले होते. 29 जूनला सरकारने त्याबाबतचे शासन निर्णय मागे घेतले. मला बरं वाटलं. सहा वर्षांच्या लेकरावर तिसरी भाषा लादू नये, हेच माझं मत आहे. पण भाषा कोणती, यावर इतकं हिरिरीने भांडणारे आपण, त्या भाषेच्या तासाला मूल नेमकं काय करतं यावर मात्र चकार शब्द काढत नाही.

माझी मुलगी ए-लेव्हलला, म्हणजे इथल्या अकरावी-बारावीला, इंग्रजी साहित्य शिकते. तिथे 20 टक्के गुण एका दीर्घ निबंधाला असतात, आणि त्याचं शीर्षक विद्यार्थ्याने शिक्षकांशी बोलून ठरवायचं असतं. तिने घेतली मेरी शेलीची 1818 सालची कादंबरी ‘फ्रँकेनस्टाइन’. जोडीला एमिली ब्राँटेची ‘वुदरिंग हाइट्स’. पहिलं शीर्षक होतं ‘विज्ञानाचे धोके’. बाईंनी शेजारी पेन्सिलीने लिहिलं, ‘हा निबंध पुस्तक न वाचताही लिहिता येईल.’ दुसरं, ‘खरा राक्षस कोण?’ यावर बाईंचा शेरा: ‘उत्तर तुला आधीच माहीत आहे. मग शोधणार काय?’

मग ती पुन्हा पुस्तकाकडे वळली आणि मधल्या प्रकरणांत अडकली. फ्रँकेनस्टाइन या शास्त्रज्ञाने घडवलेला तो बिननावाचा जीव एका झोपडीला लागून असलेल्या खोपट्यात लपून राहतो आणि फटीतून आतलं बघतो. आत फेलिक्स नावाचा तरुण सफी या परदेशी मुलीला आपली भाषा शिकवत असतो. हा बाहेर बसून तोच धडा गिरवतो आणि तिच्यापेक्षा लवकर शिकतो. अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांचं काय झालं हे ऐकून सफी रडते, तसा हाही रडतो. पुढे तो धीर करून घरातल्या आंधळ्या म्हाताऱ्याशी बोलतो. म्हातारा आपुलकीने ऐकतो. तेवढ्यात बाकीचे घरी येतात, त्याचं रूप पाहतात आणि फेलिक्स त्याला काठीने झोडपतो. त्याच भाषेने सफीला घरात जागा दिली, त्याला दिली नाही. ‘वुदरिंग हाइट्स’मधला पोरका हीथक्लिफही त्याला सांभाळणाऱ्या घरात येतो तेव्हा कुणाला न कळणारं काहीतरी बडबडत असतो, आणि पुढे त्या घरचा मुलगा हिंडली त्याचं शिक्षणच बंद करतो.

तिचं शेवटचं शीर्षक झालं, ‘भाषा आली की माणूस आपला होतो का?’ परदेशात वाढलेल्या मुलीला हा प्रश्न सुचावा यात नवल नाही. पण तो तिला त्या फटीपाशी सापडला, गाईडमध्ये सापडला नसता.

इथे सगळं आलबेल आहे असं मी म्हणत नाही. ए-लेव्हलला इंग्रजी साहित्य घेणारी मुलं गेल्या दशकात बरीच कमी झाली आहेत. तयार शीर्षकं इंटरनेटवर ढिगाने मिळतात, आणि पैसेवाल्यांना शिकवणीही मिळते. शिवाय एकेका मुलाच्या शीर्षकावर शेरे मारायला वेळ लागतो. साठ-सत्तर मुलांचा वर्ग आणि वर निवडणुकीची ड्युटी सांभाळणाऱ्या आपल्या शिक्षकांनी तो कुठून आणायचा? त्यांना दोष देणं मला पटत नाही.

तरीही मागणी करावीशी वाटते. दहावीच्या मराठीत निबंधाचे विषय छापून येतात, सोबत मुद्देही. ‘स्वमत’ हा प्रश्न मोठ्या आशेने घातलेला आहे, पण त्याचीही पाठ करण्याजोगी उत्तरं बाजारात मिळतात. माझ्या शाळेत नारायण धारपांची भयकथांची पुस्तकं दप्तरात लपवून फिरायची. त्यांच्यावर परीक्षेत लिहावं हे कुणाच्या स्वप्नातही नव्हतं. मेरी शेलीच्या भयकादंबरीला इथे वर्गात मान आहे, मग धारपांनी काय पाप केलंय?

बारावीच्या मराठीत 80 गुण लेखीला आणि 20 अंतर्गत मूल्यमापनाला असतात. त्या 20 पैकी निम्मे तरी अशा निबंधाला द्यावेत: पुस्तक मुलाचं, शीर्षक मुलाचं, आणि शीर्षक का बदललं याचे चार शब्दही त्याचेच. कुणी धारप घेईल, कुणी रत्नाकर मतकरी, कुणी दलित आत्मकथन. वर्ग लहान होईपर्यंत हे सगळ्या शाळांत जमणार नाही, म्हणून शिक्षकभरतीची मागणीही याच दमात करायला हवी. हिंदीच्या वेळी रस्त्यावर उतरलेल्यांनी ही मागणीही हाती घ्यावी.